पोरगं हिंडतंय, हिंडू द्या!

गेल्या महिन्यात एका सकाळी जालन्याच्या मोंढ्यात हमाली करणाऱ्या एका बांधवाची पत्नी आमच्या दारात येऊन उभी राहिली. हातात मोबाईल आणि चेहऱ्यावर काळजी. हे कुटुंब मूळचे मंठा तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात आजोबा पोट भरायला जालन्यात आले आणि येथेच राहिले. याच घरातला मुलगा आज सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला शिकतो आहे. देवगिरी एक्सप्रेसने तो मुंबईला निघाला, तेव्हा त्याला निरोप द्यायला जालना स्टेशनवर अर्धी वस्ती लोटली होती. आम्हीही त्यात होतो.

त्या माऊलीने मोबाईल पुढे केला. गावाकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुलाने तीन फोटो टाकले होते. पहिल्यात तो एका हिरव्या टेकडीवर उभा आणि मागे सारे लंडन शहर. दुसऱ्यात अंगात जाडजूड कोट आणि बगलेत पुस्तके. तिसऱ्यात नदीकाठच्या बाकावर बसून मासा आणि बटाट्याच्या तळलेल्या काचऱ्या खाताना. त्याखाली गावातल्याच कुणीतरी लिहिले होते, "सरकारच्या पैशावर चांगली मजा चालू आहे." त्यावर चार-पाच जणांनी हसण्याच्या खुणा टाकल्या होत्या.

"भाऊ, पोरगं तिकडं शिकायलंय का नुसतं हिंडायलंय? लोकं काही-बाही म्हणायलेत. बाबासाहेब तर पाव खाऊन शिकले म्हणत्यात ना? मग ह्याला हे कसं सुचायलंय?"

आम्ही त्यांना चहा दिला, पण उत्तर लगेच दिले नाही. कारण हा प्रश्न एकट्या त्या माऊलीचा नाही. आपल्या समाजातला मुलगा शिकायला बाहेर पडला की, त्याच्या प्रत्येक घासाचा आणि प्रत्येक पावलाचा हिशेब मागणारे शंभर जण उभे राहतात. त्यात परके असतात, तसे आपलेही असतात. म्हणून या प्रश्नाचे उत्तर चारचौघांत दिले पाहिजे, असे आम्हाला वाटले.

तो दिवस कसा गेला?

उत्तर देण्याआधी आम्ही मुलाशीच बोललो. "जयभीम काका, त्या दिवशी काय काय केले ते सगळे सांगतो," म्हणत त्याने सुट्टीच्या त्या एका दिवसाची हकिकत सांगितली.

सकाळी खोलीतून निघून पावणेदोन पौंडाचे तिकीट काढून तो लाल बसमध्ये बसला. भुयारी रेल्वे महाग पडते म्हणून बस. पहिला मुक्काम होता १०, किंग हेन्रीज रोड. वाचकहो, हा पत्ता आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल. १९२१-२२ या काळात बाबासाहेब या घरात राहिले, अशी पाटी त्या घराच्या दर्शनी भिंतीवर आहे. हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला तेथील स्मारकाचे उद्घाटन झाले. पुढे स्थानिक पालिकेने तेथे संग्रहालय नको, राहते घरच ठेवा, असा आक्षेप घेतला. ते प्रकरण चौकशीपर्यंत गेले आणि २०२० साली ब्रिटिश सरकारने संग्रहालयाला परवानगी दिली. म्हणजे बाबासाहेबांना मेल्यानंतरही लंडनमध्ये घरासाठी भांडावे लागले आणि ते भांडण जिंकले गेले!

तेथून दहा मिनिटांवर प्रिमरोझ हिल नावाची टेकडी आहे. पहिला फोटो तिथला. टेकडीवरून उतरून तो रीजंट्स पार्कमधून चालत ब्रिटिश म्युझियमला गेला. तेथे प्रवेशाला पैसे लागत नाहीत. याच म्युझियमच्या गोल वाचनालयात बाबासाहेबांनी दिवसचे दिवस काढले. ते वाचनालय १८५७ साली सुरू झाले. पुढे १९९० च्या दशकाअखेर तेथील ग्रंथसंग्रह सेंट पँक्रस येथील नव्या इमारतीत हलवला गेला. म्युझियममध्ये मुलगा सगळ्यात जास्त वेळ थांबला तो अमरावतीच्या शिल्पांपुढे. आंध्रातल्या अमरावतीच्या बौद्ध स्तूपाचे ते कोरीव दगड इंग्रजांनी तिकडे नेले. ज्यांच्या काळात तो स्तूप बहरला, ते सातवाहन कुठले? गोदाकाठच्या पैठणचे. आणि पैठण आपल्या अंबड तालुक्याला खेटून आहे.

"काका, तिथे उभे राहिल्यावर मला आपले भोकरदन आठवले," असे तो म्हणाला. आम्हाला या वाक्याचा फार आनंद झाला. आपल्या जिल्ह्यातल्या किती सुशिक्षितांना भोकरदन आठवले असते? भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. भारहूत आणि सांचीच्या बौद्ध स्तूपांसाठी दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत या भोगवर्धनच्या रहिवाशांची नोंद आहे. १९७० च्या दशकात येथे उत्खनन झाले, तेव्हा हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती १९३८ साली इटलीतल्या पाँपेई शहराच्या अवशेषांत सापडली होती. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे ती मूर्ती त्याच्या आधीच समुद्र ओलांडून गेली होती. ती भोकरदन परिसरातच घडली असावी, असे काही अभ्यासक मानतात. जालना जिल्ह्याच्या कारागिराचा माल दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या बाजारात पोहोचला असेल, तर जालना जिल्ह्याच्या हमालाचा मुलगा आज लंडनच्या रस्त्यावर हिंडला, यात कुणाला कसले आश्चर्य वाटावे?

पुढे चेरिंग क्रॉस रोड. हा रस्ता जुन्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे त्याने तीन पुस्तके घेतली, नऊ पौंडांना. मग एका धर्मादाय दुकानातून कोट घेतला, बारा पौंडांना. लोकांनी दान केलेले कपडे तेथे स्वस्तात विकतात आणि पैसे सेवाकार्याला जातात. म्हणजे फोटोतला तो रुबाबदार कोट कुणा गोऱ्याने वापरून दिलेला होता! संध्याकाळी थेम्सच्या काठावर, वॉटर्लू पुलाखाली भरणारा जुन्या पुस्तकांचा बाजार फक्त डोळ्यांनी पाहिला आणि अकरा पौंडांचे जेवण केले. येता-जाता बस धरून दिवसाचा खर्च पस्तीस-छत्तीस पौंड.

रुपयांत मोजले तर ही रक्कम चार हजारांच्या आसपास जाते. मोंढ्यात पोती उचलणाऱ्या बापाची ही कित्येक दिवसांची कमाई आहे, हे आम्ही नाकारत नाही. मुलानेही नाकारले नाही. "कोट घेताना बाबांचे खांदे डोळ्यांपुढे आले," असे तो म्हणाला. पण जालन्याच्या थंडीसाठी आईने दिलेला स्वेटर लंडनच्या थंडीला पुरत नाही. आणि माणूस महिनाभर अभ्यास करून एक दिवस बाहेर पडला, तर तो गुन्हा कसा ठरतो?

बाबासाहेब परदेशात काय करीत होते?

आता त्या माऊलीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. बाबासाहेब पाव खाऊन शिकले ना?

होय, शिकले. पण अर्धीच गोष्ट सांगून आपण आपल्या मुलांवर अन्याय करतो. पूर्ण गोष्ट अशी आहे. जुलै १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती. त्या बदल्यात परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. बावीस वर्षांच्या तरुणाला जे होते, तेच सुरुवातीला त्यांनाही झाले. नवे शहर, नवे मित्र, खेळ, नाटक, भटकंती यांत पहिले काही महिने गेले, असे त्यांचे चरित्रकारच सांगतात. मग त्यांनी स्वतःलाच प्रश्न विचारला की, आपण येथे कशासाठी आलो आहोत? आणि त्यानंतर अभ्यासाची जी बैठक बसली, ती आयुष्यभर मोडली नाही. हे लपवण्यासारखे नाही. उलट मुलांना हे आवर्जून सांगितले पाहिजे. कारण यातून कळते की, बाबासाहेब आकाशातून पडले नव्हते. ते आपल्यासारखेच माणूस होते आणि त्यांनी स्वतःला घडवले.

खाण्याचे म्हणाल, तर न्यूयॉर्कमध्ये त्यांचे जेवण म्हणजे एक कप कॉफी, दोन मफिन आणि मटणाची किंवा मासळीची एक प्लेट, असे धनंजय कीर यांनी लिहून ठेवले आहे. भूक मोठी आणि खिसा लहान. शिष्यवृत्तीतून वाचवून घरी रमाईंना पैसे पाठवायचे असत. पण खरेदीचा सोस मात्र होता. कशाचा? पुस्तकांचा! न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारात हिंडून हिंडून त्यांनी सुमारे दोन हजार पुस्तके जमवली. ती मित्राकडे ठेवली आणि त्यातली बरीचशी पुढे हरवली. १९१७ साली लंडनहून परतताना त्यांनी आपले सामान आणि पुस्तके वेगळ्या जहाजाने पाठवली, तर महायुद्धात ते जहाजच पाणतीराने बुडाले. भरपाईचे जे पैसे मिळाले, त्यातून बडोद्याला जाण्याचा खर्च निघाला. खरेदी बुडाली, पण खरेदी करणारा बुडाला नाही.

पाव खाण्याची गोष्ट घडली ती लंडनमधली. १९२० साली ते पुन्हा निघाले. सिडनहॅम कॉलेजातल्या प्राध्यापकीतून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज, एवढेच भांडवल होते. एका कडक घरमालकिणीकडे राहायचे. सकाळी तिने दिलेला पावाचा तुकडा, थोडा मुरंबा आणि कपभर पेय. दुपारचे जेवण जवळजवळ नाहीच. रात्री भूक लागली की, ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्यावर भाजायचे आणि दुधाबरोबर खायचे. बस-गाडीचे पैसे वाचवण्यासाठी मैलोगणती चालायचे. अशा स्थितीत त्यांनी १९२१ साली एम.एस्सी., १९२२ साली बॅरिस्टरी आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली.

या कहाणीने आपला ऊर भरून येतो आणि तो यावाच. पण बंधू-भगिनींनो, उपाशी राहणे हा बाबासाहेबांचा आदर्श नव्हता, ती त्यांची मजबुरी होती! त्यांना पोटभर जेवण मिळाले असते, तर ते जेवले नसते काय? आपण त्यांच्या भुकेची पूजा करतो आणि त्यांनी ती भूक आपल्यासाठी सोसली, हे विसरतो. आपल्या लेकरांवर ती वेळ पुन्हा येऊ नये, म्हणूनच तर त्यांनी पुढे आयुष्य झिजवले. व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी तिजोरी उघडायला लावली आणि १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. केंद्र सरकारची परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती २००३ सालची. ज्या शाहू महाराजांनी बाबासाहेबांना मदत केली, त्यांचेच नाव आज हमालाच्या मुलांना विमानात बसवते.

आमच्याच मराठवाड्यातले पर्यटन

आता आम्ही एक वेगळी गोष्ट सांगतो. तीही फिरण्याचीच आहे. पण लंडन-न्यूयॉर्कची नाही, जालन्यापासून पाऊणशे किलोमीटरवरची आहे.

१९३४ साल. बाबासाहेब आणि चळवळीतले त्यांचे सुमारे तीस सहकारी वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. रात्रंदिवस चळवळीत राबणाऱ्या माणसांनी एकदा सहलीला जावे, एवढाच हेतू. वाटेत दौलताबादचा किल्ला लागला. तेव्हा हा सारा भाग निजामाच्या राज्यात होता. रमजानचा महिना होता. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर पाण्याने काठोकाठ भरलेला हौद होता. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या काही जणांनी त्यात हात-पाय-तोंड धुतले. झाले! मागून एक म्हातारा ओरडत आला की, या लोकांनी हौद बाटवला. बघता बघता जमाव जमला, शिवीगाळ सुरू झाली. आम्ही परगावचे, आम्हाला येथली रीत ठाऊक नाही, असे सांगितले, तर जमाव स्थानिक अस्पृश्यांवर उलटला. शेवटी बाबासाहेब कडाडले. तुमचा धर्म हेच शिकवतो काय? हाच अस्पृश्य उद्या मुसलमान झाला, तर त्याला या पाण्यापासून रोखाल काय? जमाव गप्प झाला. किल्ल्यात जाण्याची परवानगी मिळाली. पण कशी? आत कुठेही पाण्याला स्पर्श करायचा नाही, या अटीवर! आणि ती अट पाळली जाते की नाही, हे पाहायला एक हत्यारबंद शिपाई बरोबर दिला गेला.

लक्षात घ्या, हा माणूस तेव्हा कोलंबियाचा पीएच.डी., लंडनचा डी.एस्सी., ग्रेज इनचा बॅरिस्टर आणि गोलमेज परिषदेला जाऊन आलेला पुढारी होता. लंडनच्या म्युझियममध्ये त्याच्यामागे कुणी शिपाई लावला नव्हता. मराठवाड्याच्या किल्ल्यात मात्र लावला. आणि हा रोग एकाच धर्माच्या माणसांना जडला होता, असेही नाही. १९१७ साली बडोद्यात नोकरीसाठी गेले, तेव्हा हिंदूंच्या खानावळीत जागा नव्हती. म्हणून पारशी नाव लावून ते पारशांच्या विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांचा घोळका दारात आला आणि त्यांना बाहेर काढले गेले. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, परदेशातल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत, ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. ती बडोद्याच्या स्टेशनवर उतरताच परत आली.

म्हणून आम्ही म्हणतो, हिंडणे ही साधी गोष्ट नाही. जो समाज शतकानुशतके गावकुसाबाहेर राहिला, ज्याच्या पावलांचे ठसे पुसायला कमरेला झाडाची फांदी बांधली गेली, त्या समाजाच्या पोराने अनोळखी शहरात मान वर करून, वाटेल त्या रस्त्याने, वाटेल त्या दारातून आत जाणे ही सामाजिक घटना आहे. त्याला मजा म्हणून हिणवणाऱ्यांना आपल्या पावलांची किंमत ठाऊक नाही. कारण त्यांची पावले कधी अडवली गेली नाहीत.

आमचीच गोष्ट सांगतो. आम्ही लहान असताना गावच्या हॉटेलात आमच्यासाठी कानतुटक्या कपबश्या बाहेरच्या फळीवर उपड्या घातलेल्या असत. चहा प्यायचा, कप विसळायचा आणि परत उपडा ठेवायचा. पैसे मात्र पूर्ण! शाळेची सहल वेरूळला गेली, तेव्हा डबा खाताना आम्हा चार-पाच पोरांची पंगत झाडाच्या दुसऱ्या बाजूला बसली. कुणी तसे बसा म्हटले नव्हते. कुणी म्हणायची गरजच नव्हती, आम्हीच जाऊन बसलो. सहलीत लेणी पाहिली, पण आज आठवते ते झाड. आणि आज आमच्या वस्तीतला मुलगा लंडनच्या नदीकाठी बाकावर बसून जेवतो. शेजारी एक म्हातारी इंग्रज बाई येऊन बसते. मीठ आणि व्हिनेगर आणखी घाल, म्हणजे चव येईल, असे त्याला सांगते. हे त्याने फोनवर सांगितले, तेव्हा आमचे डोळे भरून आले. त्याला कदाचित ते कळलेही नसेल. न कळणे हीच तर आपली कमाई आहे!

लंडन म्हणजे स्वर्ग नव्हे

मात्र कुणी असे समजू नये की, विलायत म्हणजे समतेचा स्वर्ग आणि आपले सारे प्रश्न तेथे संपतात. गोऱ्या कातडीचा माज तेथेही आहे. अमेरिकेतल्या काळ्या बांधवांचे दुःख आणि आपले दुःख एक आहे, हे ओळखूनच बाबासाहेबांनी १९४६ साली तेथील विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिले होते.

आणि आपली माणसे जेथे जातात, तेथे जात पिशवीत घालून नेतात! या मुलाला लंडनमध्ये पहिले काही आठवडे खोली मिळेना. इंग्रज घरमालकाने विचारले, भाडे वेळेवर देशील ना? आपल्याच देशाच्या एकाने विचारले, आडनाव काय? आडनाव सांगितल्यावर खोली दुसऱ्याला दिल्याचे कळले. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश करण्याची तरतूद ठेवली गेली, पण तसा स्पष्ट कायदा करायचा नाही, असे तेथील सरकारने २०१८ साली ठरवले. अमेरिकेतल्या सिएटल शहराने मात्र फेब्रुवारी २०२३ मध्ये जातिभेदाला बंदी घातली. ही लढाई साता समुद्रापारही चालू आहे. आपला विद्यार्थी तेथे फिरायला गेला, तरी या लढाईच्या बाहेर नसतो.

पैसा कुणाचा?

राहिला सरकारच्या पैशाचा मुद्दा. केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीत ब्रिटनमध्ये राहण्या-खाण्यासाठी वर्षाला ९,९०० पौंड असा दर वर्षानुवर्षे राहिला. म्हणजे महिन्याला ८२५ पौंड. लंडनमध्ये एका खोलीचे भाडेच यातला मोठा वाटा गिळते. त्यात हप्ता लांबला, तर मित्राकडे हात पसरावा लागतो. अशा पैशात मजा करायची कुणी ठरवले, तरी होणार नाही. हा मुलगा दुपारी डबाच खातो, हे फोटोत दिसत नाही. ज्यांची मुले बापाच्या पैशावर परदेशात जाऊन वर्षभर मौज करतात, त्यांना कुणी हिशेब विचारत नाही. बापाकडे तो पैसा कुठून आला, हे तर कुणी विचारतच नाही. मोंढ्यातल्या हमालाने विकत घेतलेल्या काडेपेटीवर आणि साबणावरही कर असतो. सरकारी तिजोरी त्याच्याही घामाने भरते. त्यातला वाटा त्याच्या मुलाला मिळाला, तर तो उपकार नव्हे, तो हक्क आहे.

मात्र हक्काबरोबर जबाबदारी येते, हेही आम्ही त्या मुलाला स्पष्ट सांगितले. बाबासाहेबांनी दहा वर्षांचा करार केला होता, तो बडोद्याशी. आपला करार समाजाशी आहे आणि तो कागदावर नाही. शिकलेल्या लोकांनी आपल्याला दगा दिला, ही खंत १९५६ साली आग्ऱ्याच्या सभेत बाबासाहेबांनी बोलून दाखवली होती. ती खंत आपल्यामुळे वाढू नये. फिरून ये, खाऊन-पिऊन तगडा हो, पुस्तके घे. पण ज्या स्टेशनवरून निघालास, त्या स्टेशनवर शिदोरी घेऊन परत उतर. घनसावंगी, परतूर, मंठ्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांबरोबर शाळा सोडून निघालेली पोरे तुझी वाट पाहत आहेत. शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरायचा, हे त्यांना कोण सांगणार? हो, असे त्याने कबूल केले आहे. आम्ही त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो.

आणि वाचकहो, तुमच्याकडेही आमचे एक मागणे आहे. लंडन लांब आहे, पण वेरूळ, अजिंठा लांब नाही. भोकरदन तर घरातच आहे. येत्या सुट्टीत आपल्या लेकरांना घेऊन एक दिवस बाहेर पडा. पितळखोऱ्याची लेणी दाखवा, दौलताबादच्या किल्ल्यापुढे उभे राहून त्यांना १९३४ ची गोष्ट सांगा. छत्रपती संभाजीनगरात बाबासाहेबांनी १९५० साली उघडलेले मिलिंद महाविद्यालय दाखवा, म्हणजे दौलताबादच्या अपमानाला त्यांनी सोळा वर्षांत काय उत्तर दिले, ते त्यांना कळेल. येताना एखाद्या हॉटेलात टेबलावर बसून सगळ्यांनी पोटभर जेवा आणि प्रत्येक लेकराला एकेक पुस्तक घेऊन द्या. खर्च होईल. होऊ द्या! लग्नात, हळदीत, डीजेत आपण याहून कितीतरी जास्त उधळतो.

त्या माऊलीला आम्ही हे सारे आमच्या परीने सांगितले. दौलताबादची गोष्ट ऐकताना ती बराच वेळ गप्प होती. मग मोबाईल पदराने पुसत म्हणाली, "मंग भाऊ, आता त्याला काय सांगू?"

"सांगा, कोट चांगला दिसतो," आम्ही म्हणालो. "आणि जेवत जा म्हणावं, वेळेवर."

तिने आमच्यासमोरच फोन लावला. कोटाचे बोलली, जेवणाचे बोलली. फोन ठेवण्याआधी मात्र तिने स्वतःच्या मनाने आणखी एक विचारले, "त्या टेकडीवरून काय काय दिसतं रं?"

जयभीम!